उसाचा काटा तपासता, श्वासाचं घड्याळ कोण तपासणार?

नगरकर मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात कोणी रात्री सीपॅप मशीन लावून झोपत असेल तर वाचाच.

कारखान्याच्या वजनकाट्यावरून आपल्या जिल्ह्यात किती बोंब होते ते सांगायला नको. व्हायलाच पाहिजे. किराणा दुकानाच्या काट्याला वैधमापनचा शिक्का लागतो, पेट्रोल पंपालाही लागतो. पण माणसाचा श्वास किती वाजता अडला हे लिहून ठेवणाऱ्या मशीनचं घड्याळ बरोबर चालतंय का, हे बघायला कोणी फिरकत नाही.

आमच्या आण्णांना झोपेत श्वास अडायचा त्रास. 14 महिन्यांपूर्वी मशीन घेतलं. रात्रभराची नोंद त्याच्या मेमरी कार्डावर होते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बोटाला लावायचा, रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर दिला. दोन्ही डेटा एकत्र केल्यावर मशीन विकणाऱ्यांचा माणूस म्हणाला, "काका, श्वास अडलाय 2:17 ला आणि ऑक्सिजन पडलाय 2:29 ला. म्हणजे अडण्याशी संबंध नाही, फुप्फुसाचं काहीतरी असेल. रात्री ऑक्सिजन लागेल." आण्णांचं तोंड उतरलं. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

मला ते 12 मिनिटांचं अंतर खटकलं, कारण प्रत्येक खड्ड्याला तेवढंच होतं. मशीनशेजारी मोबाइल ठेवला. मशीन 11 मिनिटं 40 सेकंद मागं! म्हणजे मशीनचे 2:17 हे खरे 2:28:40. श्वास अडल्यावर बोटातला ऑक्सिजन उतरायला अर्धा मिनिट जातोच. अख्खी रात्र जुळली. फुप्फुस नव्हे, प्रेशर कमी पडत होतं. डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि प्रेशर बदललं.

यात जादू काही नाही. अशा घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. दहा लाखात 20 चा फरक पडला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटं. थंडी आणि ऊन दोन्हीत तो मंदावतो, आणि आपला मे महिना माहीतच आहे. मोबाइल नेटवर्कवरून वेळ जुळवतो, आमचं मशीन जुळवत नाही. वेळ बदलायची सोय आहे, पण डॉक्टर-टेक्निशियनच्या मेनूत दडवलेली.

"दहा मिनिटांनी काय होतंय?" असं मला ऐकवलं गेलं. एकटं मशीन बघायचं तर खरंच काही होत नाही. किती तास लावलं, तासाला कितीदा अडला, हे आकडे तेच राहतात. पण शेजारी दुसरं यंत्र आणलं की वेळ हाच पुरावा.

आता करायचं काय? कार्ड काढाल त्या दिवशी मशीनचा आणि मोबाइलचा फोटो एकत्र काढा, फरक तारखेसकट वहीत लिहा. ऑस्कार नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा फरक सेकंदांत भरता येतो. मात्र आजचा फरक वर्षापूर्वीच्या रात्रीला लावू नका, तेव्हा तो एवढा नव्हता. तेवढी चूक तुम्हीच नव्यानं घालाल. आणि मशीनचं घड्याळ स्वतः मागं-पुढं करायच्या भानगडीत पडू नका, नोंदी एकमेकींवर चढतात. आधी कार्डाची कॉपी, मग टेक्निशियनकडून.

विकणाऱ्यांना माझी मागणी एवढीच: दर सर्व्हिसला घड्याळ जुळवा, किती फरक होता ते रिपोर्टवर छापा. बिलावर सही-शिक्का मारताना विसरत नाहीत, मग हेच का विसरता?

पुढची सर्व्हिस पुढच्या महिन्यात आहे. मी मोबाइल घेऊन शेजारी बसणार. तुमच्या घरच्या मशीनचा फरक किती निघाला ते कमेंटमध्ये टाका, मिनिटं आणि सेकंद दोन्ही.