शब्दसंपत्ती आणि प्रशासन

भिलाईत स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे अनेक विद्यार्थी जड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करताना मी पाहतो. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. तेथे 'स्लॅग', 'कोक ओव्हन' हे शब्द कामगारांच्या तोंडी रुळले ते कामातून, कोशातून नव्हे. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे दुर्मीळ शब्दांचा साठा नसून निकटच्या शब्दांतील भेदाची जाण होय. अर्थशास्त्रात 'डेफिसिट' ही वर्षाची तूट, तर 'डेट' हे साचलेले कर्ज. कायद्यात 'शॅल' सामान्यतः बंधन घालतो, 'मे' मुभा देतो. हा भेद न जाणणारा अधिकारी आपल्या टिप्पणीत नागरिकाच्या हक्काची मेहेरबानी करून टाकतो. यास्तव याद्या मिटाव्यात आणि शब्दकोश जवळ ठेवून एखादा अधिनियम सावकाश वाचावा, असे माझे मत आहे.