निम्म्या गुणांचे उत्तर

गारगोटीवर पोलाद आपटले की ठिणगी का पडते, असे परीक्षेत विचारले तर तुम्ही काय लिहाल? 'घर्षणाने उष्णता निर्माण होते म्हणून.' गुरुजी बरोबरची खूण करतील. माझ्या मते या उत्तराला निम्मेच गुण द्यायला हवेत.

घर्षणाने तळहातही तापतात. तेथून ठिणगी उडालेली कोणी पाहिली आहे? मग उडते ते काय? इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूकने चकमक पांढऱ्या कागदावर झाडली आणि खाली पडलेले काळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्याला दिसले चकचकीत गोळे! १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्याने हे नोंदवले आहे.

हे गोळे पोलादाचे. गारगोटी पोलादाहून कठीण, म्हणून ती त्याचा बारीक कीस काढते. घर्षणाने तो तापतो. येथवर तुमचे उत्तर बरोबर. पण कण जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा. हवेतला ऑक्सिजन त्याला चहूबाजूंनी भिडतो आणि लोखंड चक्क पेटते! पेटल्यामुळे ते आणखी तापते, वितळते, आणि वितळलेला थेंब गोल होतो. म्हणजे ठिणगी हे जळणारे लोखंड आहे. (फुलबाजीत लोखंडाचा कीस घालतात तो उगीच नव्हे.) उत्तरातून नेमके हे ज्वलनच गळते.

थंडीत नायलॉनचा सदरा काढताना चमकते तिलाही आपण ठिणगीच म्हणतो. तिथे मात्र काहीच जळत नाही. कोरड्या हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट एवढा दाब पडला की हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, ते इतर रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि क्षणभर हवाच वीजवाहक होऊन चमकते. नाव एक, गोष्टी दोन!

शिक्षकांना माझी विनंती आहे, हा धडा फळ्यावर संपवू नका. दारावर धार लावणारा आला की मुलांना घेऊन जा. त्याच्या चाकाखाली कागद पसरू द्या. ठिणग्यांपासून डोळे मात्र दूर ठेवा. जमलेल्या धुळीवरून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा, आणि चिकटेल ते पाहायला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढा. वेडेवाकडे तुकडे पुष्कळ दिसतील. गोल मणी शोधावे लागतील.