‘फिक्स’ की कात्री?

प्रोजेक्टच्या सर्व्हरची लाइट गेली, रेडिसची एओएफ फाइल बिघडली, की आपली मंडळी ‘रेडिस-चेक-एओएफ’ला ‘फिक्स’ लावून मोकळी होतात. मला हे पटत नाही. एओएफ म्हणजे डेटातला प्रत्येक बदल क्रमाने लिहिलेली वही. हे टूल त्यातलं फाटलेलं पान चिकटवत नाही. पहिली चूक सापडते तिथपासून शेवटपर्यंत सगळं कापतं. चूक शेवटच्या नोंदीत असेल तर ठीक, मधेच असली तर पुढच्या धडधाकट नोंदीही गेल्या! (कापण्याआधी ते विचारतं, पण ‘वाय’ दाबताना वाचतंय कोण?) आधी फाइलची कॉपी काढा. मग ‘फिक्स’ न लावता नुसतं तपासा, किती बाइट उडणार ते कळतं. आरडीबी फाइलवाल्यांना तर तेवढाही आधार नाही, तिचं टूल फक्त तपासतं.