पेटी विकत घ्यावी की जुळवावी?

दहावीची परीक्षा आटोपली की, पुष्कळदा तर ती आटोपण्यापूर्वीच, हल्ली घराघरांत एक मागणी पुढे येते. मुलास खेळासाठी कन्सोल हवा असतो. प्लेस्टेशन हे नाव आता आपल्या जोयडा तालुक्यातील आतल्या वाड्यांवरील मुलांच्याही तोंडी ऐकू येते. वडील म्हणतात, एवढे पैसे केवळ खेळण्यासाठी कशाला? आई म्हणते, त्यापेक्षा अभ्यासाला संगणक घ्यावा. मुलगा म्हणतो, साध्या संगणकावर तसले खेळ चालत नाहीत. तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. माझ्या मते याला एक तिसरी वाट आहे. सुटे भाग आणून एक आटोपशीर संगणक घरीच जुळवावा. तो खेळालाही उपयोगी पडतो आणि कामालाही. मात्र ही वाट दाखविणारे बहुतेक लोक एक गोष्ट सांगावयाचे टाळतात. ती मी आधी सांगतो.

ती ही की, तेवढ्याच पैशांत जुळविलेला लहान संगणक चित्राच्या झगमगाटात कन्सोलची बरोबरी करीत नाही.

आकड्यांनीच बोलू. प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला, तेव्हा तबकडीच्या नमुन्याची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढे ती पाच हजारांनी वाढली. त्याच्या पोटात आठ गाभ्यांचा प्रोसेसर, १६ जीबी स्मृती आणि पडद्यावर चित्रे रेखाटणारी ३६ गणन-एकके आहेत. आता काटकसरीचा संगणक जुळविणारे ज्याचे नाव नेहमी घेतात तो प्रोसेसर म्हणजे एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी. तोही २०२१ चाच. त्याची खुबी अशी की, चित्रे रेखाटणारा भाग त्याच्या अंगातच असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागत नाही. परंतु त्या भागात एकके किती? अवघी सात! एककांची घडण निरनिराळी असल्यामुळे नुसत्या संख्येवरून तुलना करणे पुरते बरोबर होणार नाही. तथापि अंतर केवढे आहे याची कल्पना येते. या दोघांत छत्तीसाचा आकडा आहे तो असा अक्षरशः! २०२४ च्या आरंभी आलेल्या ८६००जी या भावंडात नव्या घडणीची आठ एकके आहेत. ते पुष्कळ सरस आहे, पण कन्सोलला तेही गाठीत नाही.

मग कन्सोल इतका स्वस्त कसा? याचे उत्तर कारखान्यात नाही, व्यापारात आहे. सोनी कंपनीने हे यंत्र आरंभी उत्पादनखर्चाहूनही कमी किमतीस विकले, आणि ही गोष्ट तिने लपवूनही ठेवली नाही. तूट भरून निघते ती पुढे. एखादा मोठा नवा खेळ ४,९९९ रुपयांस पडतो. दूरच्या मित्रांशी जोडून खेळावयाचे तर बहुतेक विकतच्या खेळांसाठी वर्गणी निराळी. दिवा स्वस्त आणि तेल महाग, असा हा सौदा आहे. संगणकाचे याच्या उलट. दिवा महाग पडतो, परंतु जुने चांगले खेळ वर्षातून दोनचार वेळा अगदी अल्प किमतीत मिळतात आणि काही तर फुकट असतात. चार वर्षांचा हिशेब मांडला म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ येतात. पालकांनी पहिल्या दिवसाची पावती पाहू नये. चौथ्या वर्षाअखेरची बेरीज पाहावी.

पैशांपेक्षाही मोठा प्रश्न मालकीचा आहे. २००६ साली निघालेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये एक सोय होती. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवून त्याचा चक्क संगणक म्हणून उपयोग करता येत असे. अमेरिकेच्या वायुदलाच्या संशोधन-संस्थेने तर सतराशेंहून अधिक प्लेस्टेशन एकमेकांस जोडून २०१० साली एक महासंगणक उभा केला. आणि त्याच वर्षी, १ एप्रिल रोजी, कंपनीने एक सुधारित प्रणाली धाडून ती सोय काढून टाकली. जे ही सुधारणा घेणार नाहीत त्यांना इतरांशी जोडून खेळणे बंद. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूतील एक भाग विकणाऱ्याने दूर बसून परत घेतला! कारण सुरक्षिततेचे दिले गेले, आणि ते खोटेच होते असे मी म्हणत नाही. परंतु यंत्र घरात असले तरी किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. जुळविलेल्या संगणकाचे चार स्क्रू मात्र आपल्याच पेचकसाने निघतात.

'सुटे भाग आणून जोडले त्यात कसली विद्या?' असे नाक मुरडणारे काही असतात. त्यांच्यासाठी पुण्याची गोष्ट सांगतो. १९८० नंतरच्या दशकात भारताला क्रे कंपनीचा बलाढ्य महासंगणक हवा होता आणि अमेरिकेने तो देण्याचे नाकारले. तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर कोठले? ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे, म्हणजे विकतचेच. असले पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांच्याकडून एका दमात काम करवून घेणे, ही विद्या आपली होती. कोणता भाग कोणाशी जुळतो, कोणाला किती वीज लागते, कोठे उष्णता साचते, हे ज्याला कळते त्याने पुष्कळ काही मिळविले. दहावीच्या मुलाच्या टेबलावरील पेटी आणि 'परम' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे खरे. पण वाट तीच आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू, कारण मुंबईच्या मुलास दिलेला सल्ला जोयड्याच्या मुलास लागू पडेलच असे नाही. आपल्या तालुक्याचे विजेशी नाते विलक्षण आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, कितीतरी कुटुंबांनी रामनगरास नवे संसार थाटले, आणि गणेशगुडीच्या वीजगृहात ५० मेगावॉटचे दोन संच फिरू लागले. इतके देऊनही आषाढात रानातले एखादे झाड तारेवर आडवे झाले की, आपल्या घरात अंधार! तेव्हा आपल्याकडे यंत्र निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसून विजेच्या भुकेचा असला पाहिजे.

आणि येथे ते सात एककांचे लहानगे एकदम वरचढ ठरते. मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट वीज ओढतो. वेगळे कार्ड नसलेला छोटा संगणक शंभराच्या आतबाहेर राहतो. घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यात कागदोपत्री १,८०० वॉट-तास वीज साठते. पैकी हजारभर प्रत्यक्ष हाती लागतात असे धरा. म्हणजे एक यंत्र पाच तास चालेल तर दुसरे दहा. पडद्याची वीज अर्थात दोहोंकडे निराळी. घरात दिवे-पंखेही लावावयाचे असतात, आजोबांना बातम्या ऐकावयाच्या असतात. तेथे हा फरक लहान नाही. मात्र इन्व्हर्टरच्या पाठीमागे यूपीएसचे बटण असल्यास ते त्या बाजूस करून ठेवावे, नाहीतर वीज जाताच संगणक मिटून पुन्हा सुरू होईल आणि निबंध अर्धाच राहील.

कन्सोलच्या बाजूनेही आपल्याकडे एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो दडवून ठेवणे अन्यायाचे होईल. तो म्हणजे तबकडी. एका मित्राने आणलेली तबकडी दुसऱ्यास उसनी देता येते. संगणकाचे खेळ आता बहुतेक इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावे लागतात. आजचा मोठा खेळ १०० जीबीचा असणे ही काही नवलाई नव्हे. मोबाइलवर रोज दोन जीबी मिळत असतील, तर तो उतरावयास पन्नास दिवस लागतील. आणि तेही टॉवर पन्नास दिवस शुद्धीवर राहिला तर! यावर तोड एकच. बेळगावास किंवा गोव्यास नातेवाइकांकडे फायबरची जोडणी असेल, तर बाहेरच्या हार्डडिस्कवर खेळाची प्रत घेऊन यावी. 'स्टीम'सारख्या दुकानात अशी प्रत करण्याची आणि पुढे जोडणीविना खेळण्याची सोय आहे. एसटीने खेळ घरी आणावा लागतो, यात लाजण्यासारखे काही नाही.

जुळणीविषयी थोडे. लहानपणाचा हव्यास फार करू नये. १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे इवलेसे मदरबोर्ड मिळतात, आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढे कॅबिनेटही. प्लेस्टेशन ५ चा पहिला नमुना ३९ सेंटिमीटर उंच होता, त्यापुढे ही पेटी खेळण्यातली वाटते. परंतु अगदी छोट्या पेटीत पुढे ग्राफिक्स कार्ड बसविण्यास जागाच नसते, आणि कन्सोलशी खरी बरोबरी करण्याची आशा त्या कार्डावरच अवलंबून आहे. उदाहरणार्थ, २०२१ च्या आरएक्स ६६०० या कार्डात प्लेस्टेशनच्याच कुळातील २८ एकके आहेत. छत्तीसासमोर अठ्ठावीस म्हणजे सामना रंगतो. त्या कार्डाला १३२ वॉट लागतात, म्हणजे इन्व्हर्टरचा वरील हिशेब तेव्हा बदलतो. म्हणून कॅबिनेट मध्यम घ्यावे, मदरबोर्ड २४ सेंटिमीटरांचा घ्यावा (तो स्वस्तही पडतो) आणि एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, पुढच्या कार्डाला पुरेल असा घ्यावा. एसएमपीएसमध्ये केलेली काटकसर सर्व भागांच्या जिवावर उठते.

रॅम घेताना १६ जीबीचा एक तुकडा न घेता आठ-आठचे दोन घ्यावेत. स्वतंत्र कार्ड नसले की, चित्रे रेखाटणारा भाग याच रॅममधून पाणी भरतो. एका खांद्यावर एक घागर आणणारा आणि कावडीने दोन आणणारा यांत जो फरक, तोच येथे. एक तुकडा सेकंदाला २५ जीबी पुरवील तर दोन ५१. नुसत्या या एका गोष्टीने अडखळणारा खेळ सुरळीत चालू लागतो, आणि दुकानदार नेमकी हीच गोष्ट सांगावयास विसरतो. भागांच्या किमती मी मुद्दामच देत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर असे भडकले की, छापून होईपर्यंत आकडा शिळा व्हावा.

मुंबईस जाणे झाले तर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पाहावा. लॅमिंग्टन रोड या जुन्या नावानेच तो सर्वांना ठाऊक आहे. तेथे वापरलेले भागही मिळतात. मात्र वापरलेले ग्राफिक्स कार्ड चालवून दाखविल्याशिवाय घेऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची रीत बदलली आणि रात्रंदिवस राबविलेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांतले एखादे आपल्याच गळ्यात पडावयाचे.

आईच्या बाजूने एवढेच सांगावयाचे की, याच पेटीवर आपली मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांत लिहावयास शिकतील. आपल्या तालुक्यात तिन्हींवाचून चालत नाही. शिवाय खेळ कन्सोलवर खेळले जातात, पण रचले जातात ते संगणकावर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळींनी रचलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगापुढे आला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी त्याची नायिका आहे. गोडो हे खेळ रचण्याचे साधन विनामूल्य आहे आणि आपल्या सात एककांवर ते व्यवस्थित चालते. आणि मुलगी म्हटल्यावर आठवले : पेटी घरात आली की तिच्यासमोरची खुर्ची भाऊच अडवून बसतो. जुळणीच्या वेळी पेचकस बहिणीच्याही हाती द्यावा.

जोडण्यापूर्वी भिंतीतील तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. नसेल तर कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. कॅबिनेटच्या भोकांवर मच्छरदाणीची जाळी ताणून लावावी, म्हणजे पाली आत संसार थाटणार नाहीत. पावसाळ्यात यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवावे. त्याच्या उष्णतेनेच आतला दमटपणा जातो. आणि ज्यांनी संगणकाचे पोट कधी पाहिलेच नाही, त्यांनी नवे भाग मागविण्यापूर्वी दिवाळीच्या सुटीत एखादा बंद पडलेला जुना संगणक मागून आणावा, तो पुरता उकलावा आणि पुन्हा जोडावा. स्क्रू ठेवण्यास एक वाटी जवळ असू द्यावी.