‘चक्कर आलीय, होईल बरं’ म्हणण्याआधी...

एप्रिलच्या दुपारी रहाटणीच्या कोकणे चौकात उभं राहून बघा. कोणी क्लासला निघालंय, कोणी पाठीवर डिलिव्हरीची बॅग घेऊन सिग्नलला थांबलंय, कोणी चाकणच्या दुसऱ्या पाळीची बस पकडायला पळतंय. यातल्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, ‘ऊन काय आपल्याला नवीन आहे का?’

ऊन नवीन नाही, खरंय. पण १६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा होता ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातला माणूस म्हणेल, एवढंच? पण हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. शिवाय हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. ग्राउंडवर किंवा पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापतं. तेव्हा ‘आज फक्त ३८’ या आकड्यावर विसंबू नका.

शरीर आधी इशारा देतं. खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे. इथेच थांबायचं. सावलीत बसायचं, कपडे सैल करायचे, लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट मिसळून घोट घोट प्यायचं. तासाभरात बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठायचा. ‘आणखी दोन ऑर्डर मारतो, मग बसतो’ हे इथे चालत नाही.

खरा धोका याच्या पुढचा. मित्र असंबद्ध बोलायला लागला, उगाच चिडला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असू शकतं. ‘प्यायलाय वाटतं’, ‘नाटकं करतोय’ असं म्हणण्यात गेलेली दहा मिनिटं महागात पडतात. आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हाही गैरसमजच. पळताना किंवा अंगमेहनत करताना कोसळलेल्याचं अंग घामाने भिजलेलंही असतं.

अशा वेळी एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी लगेच त्याला गार करायला घ्यायचं. सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वही-पुठ्ठा मिळेल त्याने वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. अँब्युलन्स येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्धीत नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. कांदा हुंगवत तर बसूच नका.

पण सगळा भार मित्रांवर टाकून कसं चालेल? खारघरनंतर राज्य सरकारने दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं जाहीर केलं होतं. मग आपल्या कॉलेजची परेड, स्पर्धांची प्रॅक्टिस, रॅली याच वेळेत कशाला? एप्रिल-मेमध्ये ग्राउंड सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा, पाण्याची टाकी भरलेली ठेवा, जिमखान्यात ओआरएस आणि बर्फ ठेवा. या मागण्यांना मोठं बजेट लागत नाही. विद्यार्थी प्रतिनिधींनी हे लेखी मागावं, आणि कोणी कोसळण्याची वाट न बघता मागावं.

तोवर एवढं तरी करा. उन्हात निघालेल्या मित्राने ‘बरं वाटत नाहीये’ म्हटलं, तर त्याची खेचू नका. त्याला सावलीत बसवा आणि त्याच्याशेजारी तुम्हीही बसा.