तिचे डोहाळे

गेल्या रविवारी नाशिकला भाचीचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी, सगळं यथासांग. कुणीतरी विचारलं, "काय हवंसं वाटतंय? सांग, सगळं पुरवू." ती म्हणाली, "बाळ यायच्या आत आम्हा दोघांना मृत्युपत्र करायचंय."

"शुभ बोल गं!" एक आजी ओरडल्या. कुणी तिच्या तोंडात घास भरला आणि विषय मिटवला. मीही गप्प बसले, त्याची बोच आठवडाभर जात नाहीये.

कारण त्याच ओळीत माझी वहिनी बसली होती. माझा मामेभाऊ 33व्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हा तिला सहावा महिना होता. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, लग्नाआधी घेतलेला. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी त्याची आई. मामीला वाटलं घर आपलं, वहिनीला वाटलं आपलं. दोघीही प्रामाणिक होत्या आणि दोघीही चुकत होत्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, बायको आणि मूल यांना सारखे वाटे मिळतात. पोटातलं मूल जिवंत जन्माला आलं की त्याचाही वाटा धरला जातो. नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक नव्हे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये हेच सांगितलं.

तिसरा वाटा बाळाचा. वहिनीला माहेरच्या गावी जायचं होतं, घर विकायचं होतं, तर अज्ञान मुलाच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी लागली. कडेवर पोर घेऊन ती तारखांना जायची. सासू-सुनेचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. भावाने एक कागद लिहिला असता तर यातलं बरंचसं टळलं असतं.

तो कागद करायला फार काही लागत नाही. साधा कागद चालतो, मराठीत लिहिलेला चालतो, स्टॅम्प लागत नाही. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, त्याची सही हवी, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना त्यातून काही मिळायचं नाही, असेच साक्षीदार घ्यावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. आईबाप दोघंही नसतील तर मूल कुणी सांभाळायचं, तेही त्यात लिहिता येतं. म्हणून नवरा-बायकोने आपापलं वेगळं मृत्युपत्र करावं. मन बदललं तर पुन्हा नवं करता येतं.

मला तर तो शब्दच खटकतो. 'मृत्युपत्र' म्हटलं की माणसं दचकतात. 'इच्छापत्र' हा दुसरा शब्द आपल्याकडे आहे, आणि तोच खरा आहे. डोहाळे म्हणजे तरी काय? गर्भारणीची इच्छाच. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते म्हणणाऱ्या बायकांनीच त्या दिवशी तिची सगळ्यात शहाणी इच्छा परतवून लावली.

परवा भाचीला फोन केला. वहिनीनेही केला होता, माझ्या आधीच. बाळ पुढच्या महिन्यात यायचंय, कागद या आठवड्यात होतोय. तुमच्या घरातली लेक-सून हा विषय काढेल, तेव्हा तिच्या तोंडात घास भरू नका. साक्षीदाराची एक सही मी करते, असं म्हणा.