रेझरची जागा बाथरूममध्ये नाही



आजचा विषय वाचून काहीजणी हसतील. हसा, पण हसून झालं की उठून आपल्या बाथरूममधल्या आरशाखालची फळी एकदा बघून या. तिथं एका मगमध्ये यांचं रेझर, त्याच्या शेजारी मामंजींचा ब्रश, अर्धी विरघळलेली तुरटी आणि खाली साबणाचा पांढरा-करडा चिकटा असणार. आमच्याकडे तरी अगदी असंच होतं. त्या फळीकडे मी रोज बघत होते, पण ते माझं काम नाही असं मनाशी धरून बसले होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या लेकीच्या पायावर एक चीर पडली होती. आठ दिवस झाले तरी ती बरी होईना. पोरगी दहावीत, सांगेल तर शपथ. लेगिंग घालून फिरत होती. शेवटी पाय लाल होऊन सुजला तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कशानं कापलं?" ती माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाली, बाबांनी टाकून दिलेल्या रेझरनं. ते तिनं बादलीमागं, मोरीच्या कोपऱ्यात लपवून ठेवलं होतं. का लपवलं, तर मी रागावेन म्हणून.

मला पहिली भीती वाटली धनुर्वाताची. गंज म्हटलं की आपल्या डोक्यात तेवढंच येतं. डॉक्टरांनी सांगितलं की गंजामुळे धनुर्वात होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ, शेण यांत असतात आणि जखमेतून आत जातात. लेकीला झाला होता तो कातडीचा साधा संसर्ग. बोथट पातं कातडी ओरबाडतं आणि सतत ओल्या राहिलेल्या पात्यावर, साबणाच्या चिकट्यात जंतूंना मोकळं रान मिळतं. औषध घेऊन पाय बरा झाला. धनुर्वाताच्या इंजेक्शनाची तारीखही त्या निमित्तानं तपासून झाली. पण घरी आल्यावर मी बादलीमागचं ते रेझर उचललं आणि खरं सांगते, लेकीचा नाही, माझाच राग आला.

कारण आपण ओलीला किती जपतो! चातुर्मास लागायच्या आत डाळी वाळवतो, मसाल्याच्या बरण्या पुसतो, पापडाचा डबा घट्ट लावतो. पाणी गाळून घेतो. भाकरीवर जरा बुरशी दिसली की ती अभक्ष्य, पुन्हा बोलणं नाही. ओलीत जीव उत्पन्न होतात हे आपल्या आज्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. मग स्वयंपाकघरात जिवाची एवढी काळजी करणारं घर बाथरूमच्या दारात सगळं विसरतं कसं? ब्रशच्या बुडाशी काळी बुरशी धरते आणि आठवड्यानं आपण ती उकळत्या पाण्यानं धुऊन काढतो. म्हणजे आधी आपल्या निष्काळजीपणानं जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग ते मारायचे. मुनिमहाराजांना पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती असते. कमंडलू असो वा शास्त्र, वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट बघून, जपून ठेवायची. त्यांना रेझरचा प्रश्नच नाही, दोन ते चार महिन्यांनी केशलोच करतात. रेझर आपल्या श्रावकांच्या घरातलं, म्हणून ते कुठं आणि कसं ठेवायचं हा विचारही आपल्यालाच करायला हवा.

पातं स्टेनलेस स्टीलचं असतं, मग गंजतं कसं, असं हे मला विचारत होते. स्टेनलेसवर क्रोमियममुळे एक पातळ संरक्षक थर असतो, म्हणून ते साध्या लोखंडासारखं भराभर गंजत नाही. पण अजिबात गंजत नाही असं नाही. अंघोळीची वाफ, साबणाचा थर, आमच्याकडचं बोअरचं क्षारांचं पाणी हे सगळं तासन्‌तास पात्यावर बसून राहिलं तर बारीक डाग धरतात. पात्याची धार केसापेक्षा कितीतरी पातळ असते, तिथं बारीकसा खड्डाही पुरतो. धार जाण्याचं कारण फक्त ओल आहे असंही मी म्हणणार नाही. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेल्या केसानंसुद्धा धारेचे टवके उडतात. ते आपल्या हातात नाही, वाळवणं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या रेझरवर प्लॅस्टिकचं झाकण लावणं. आपल्याला वाटतं, झाकलं म्हणजे सुरक्षित. प्रत्यक्षात आपण ओल आत कोंडतो. आता आमच्याकडे दाढी झाली की रेझर वाहत्या पाण्यात धुवून जोरात झटकायचं, बेसिनच्या कडेवर आपटायचं नाही. धारेवरून टॉवेल ओढायचा नाही, धारही जाते आणि टॉवेलही. मग बोळात, खिडकीजवळच्या उंच खुंटीवर अडकवायचं. लहान मूल घरात असेल तर वाळल्यावर झाकण लावून वरच्या कप्प्यात. तुरटी पुसून कोरड्या डबीत. चार्जिंगचा ट्रिमर असेल तर तो बाथरूममध्ये चार्ज करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

ब्रशचं एक सांगायचं राहिलं. मामंजींचा ब्रश वाळत घालताना मी त्याच्या दांड्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं. बोअर ब्रिसल. म्हणजे डुकराचे केस! कंदमूळ न खाणाऱ्या माणसाच्या गालावर कित्येक वर्षं रोज सकाळी तो फिरत होता. महागाचे ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचेही असतात. सिंथेटिक ब्रश सहज मिळतो, स्वस्त पडतो आणि लवकर वाळतो. मामंजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच बाजारात जाऊन नवा घेऊन आले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आपल्या घरांत पुरुषाचं रेझर आरशासमोर असतं आणि बाईचं बादलीमागं. लग्न होऊन पंचवीस वर्षं झालेल्या बायकाही नवऱ्याचं टाकाऊ रेझर गुपचूप वापरतात, मीही वापरलंय. लपवलेली वस्तू कधी वाळत नाही. शिवाय दुसऱ्याचं रेझर वापरणं धोक्याचं आहे. बारीक कापल्यावर रक्त लागतंच, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. घरातलंच माणूस आहे म्हणून हा धोका टळत नाही. केस काढायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण काढायचे असतील तर मुलीला तिचं स्वतःचं रेझर द्या आणि ते वाळवायला उघड्यावर जागा द्या. "हे काय इथं ठेवलंस" असं सासूबाई म्हणतील. आमच्या म्हणाल्या. मी म्हटलं, वाळतंय.

आणि हो, जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नका. घंटागाडीवरची बाई हातानं कचरा वेगळा करते. मी पावडरच्या रिकाम्या डब्याला वर चीर पाडलीय, पाती त्यात टाकते. डबा भरला की चिकटपट्टी लावून, तिला सांगून तिच्या हातात देते.

सध्या आमच्या बोळात तीन खुंट्या आहेत. एक यांची, एक मामंजींची, एक लेकीची. चौथी ठोकायला मी यांना गेल्या रविवारी सांगितलंय, अजून ठोकली नाही.